लाकडाला औषध पाजलंय का, ते बिलावर लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात दरवर्षी दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे पेठांमधल्या धोकादायक वाड्यांची बातमी, आणि दुसरं म्हणजे पुरवणीत पावसाळ्यात फर्निचरची काळजी कशी घ्याल, त्यात कपाटात लवंगा ठेवा, डांबर गोळ्या ठेवा, कडुनिंबाचा पाला ठेवा वगैरे. दोन्ही मी दरवर्षी वाचते. पण वाड्याची तुळई का कुजते आणि तीन वर्षांच्या दिवाणाचं पीठ का होतं हे कोणी नीट सांगत नाही, आणि लवंगा ठेवून तर दोन्हीतलं काहीच थांबत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय. लांबलंय थोडं, पण शक्यतो कापू नका ही विनंती.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मुलीच्या खोलीसाठी दिवाण घेतला. दुकानदार म्हणाला, ताई, प्युअर सागवान आहे, पन्नास वर्षं बघायला नको. बिलावर पण तेवढंच, "सागवान दिवाण, १ नग". यंदा मार्चमध्ये आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या, ताई, ह्या कोपऱ्यात रोज पावडर कोण सांडतं? मी आधी म्हटलं मुलीची टाल्कम असेल. मग दोन दिवस स्वतः झाडून बघितलं तर सकाळी झाडलेल्या जागी संध्याकाळी परत छोटीशी ढिगारी, अगदी चाळलेल्या मैद्यासारखी मऊ, बोटात धरली तर कणच लागत नाही. गादी उचलली, फळी उलटी केली, तर खालच्या बाजूला दाभणाने टोचल्यासारखी गोल गोल भोकं, दीड-दोन मिलिमीटरची, आणि फळी जरा आपटली की प्रत्येक भोकातून पिठाची धार.

दुकानात फोन केला तर उत्तर तयारच होतं, वाळवी आहे, तुमच्या घरात आधीपासून असणार, पेस्ट कंट्रोल करून घ्या. पेस्ट कंट्रोलचा मुलगा आला, त्याने भिंतीच्या कडेने, बाथरूमच्या चौकटीला, सिंकखाली सगळीकडे फवारलं, दिवाणावर वरून एक हात मारला, पैसे घेतले आणि गेला. आठ दिवसांत पीठ परत सुरू.

माझे वडील सुतार होते. कसब्यात भाड्याच्या दोन खोल्या आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये रोजची फेरी, लाकूड निवडायला मला पण बरोबर न्यायचे. त्यामुळे हे दिवाणाचं बघितल्यावर मला दुकानदाराचा जास्त राग आला कारण हे वाळवीचं काम नाही हे त्याला पण कळत असणार, रोज लाकडात वावरणारा माणूस तो. वडिलांनी मला स्वयंपाकघरातल्या भाषेतच शिकवलं होतं. मैद्यासारखं पडलं तर तो भुंगेरा, ज्याला आता सगळे बोरर म्हणतात, त्याची अळी आत राहून लाकूड खाते आणि मोठी झाली की भोक पाडून बाहेर येते. खसखशीसारखे टणक दाणे पडले तर ती सुक्या लाकडातली वाळवी, ती जमिनीतून येतच नाही, लाकडातच घर करते. आणि भिंतीवर, चौकटीवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती आपली नेहमीची जमिनीतली वाळवी, तिला रोज मातीतल्या ओलाव्याकडे परत जावं लागतं म्हणून ती बोगदा बांधत येते. तिघांचा इलाज वेगळा आहे. मातीतल्या वाळवीसाठी पायाशी औषध सोडतात ते बरोबरच आहे, पण दिवाणाच्या फळीत बसलेल्या अळीला भिंतीच्या कडेच्या फवाऱ्याने काय फरक पडणार!

मग सागवान असून लागलं कसं, हा प्रश्न मला सोसायटीत पाच जणांनी विचारला. तर साग टिकतो हे खरंच आहे, पण टिकतो तो सागाचा गाभा. झाड म्हातारं होत जातं तसं मधल्या लाकडात ते स्वतःच किडीला आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं साठवतं, म्हणून तो सोनेरी-तपकिरी भाग पिढ्यानपिढ्या टिकतो. सालीलगतचा पांढरट पट्टा असतो तो झाडाची पाणी वाहून नेणारी जिवंत बाजू, त्यात स्टार्च असतो, म्हणजे पिष्टच की, आणि भुंगेऱ्याच्या अळीला तेच हवं असतं. लाकूड तिला पचत नाही, ती त्यातलं पिष्ट खाते आणि उरलेल्याचा भुगा करून मागे टाकते. आता जुन्या जंगलातल्या जाड सागात पांढरा पट्टा बोटभर आणि बाकी सगळा गाभा असायचा. सध्या जो साग बाजारात येतो त्यातला बराचसा लागवडीचा, बाहेरून आलेला, घाना म्हणा इक्वेडोर म्हणा, पंधरा-वीस वर्षांची तरुण झाडं, त्यात पांढरं लाकूडच जास्त. ते वाईट असतं असं नाही, त्याला औषध पाजलं, म्हणजे कीड-बुरशी रोखणारं द्रव्य आत मुरवलं, तर उत्तम काम देतं, पण त्याला "सागवान" म्हणून गाभ्याच्या भावात विकायचं आणि औषध मात्र पाजायचं नाही, ही सरळ फसवणूक आहे. माझ्या दिवाणाच्या फळ्यांना चार-चार बोटं रुंद पांढरा पट्टा होता, वरून वॉलनट पॉलिश मारलं की कोणाला दिसतंय.

आणि अजून एक, पॉलिश फक्त वरून होतं. खालची बाजू कोरी. भुंगेऱ्याची मादी अंडी घालते ती उघड्या लाकडाच्या बारीक छिद्रांमधे, पॉलिश किंवा रंगाचा थर असेल तर तिला ती जागा मिळत नाही. म्हणजे खालून दोन हात साधं पॉलिश फिरवलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं, पण ग्राहक खाली वाकून बघत नाही म्हणून ते करायचं नाही असा धंदा चाललाय. (लाकूड अळीसकट दुकानात आलेलं असेल तर पॉलिशने काही होत नाही हे पण सांगायला हवं, ती आतून पॉलिश फोडून बाहेर येते.)

आमच्या मुळशीकडच्या गावी बांबू तोडला की लगेच वापरायचे नाहीत, ओढ्यात टाकून वर धोंडे ठेवायचे, दोन-तीन आठवडे. काढताना घाण वास यायचा पाण्याला. लहानपणी कळायचं नाही कशासाठी, आता कळतं की पिष्ट धुऊन निघावं म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडे कसलंही केमिकल नव्हतं त्या लोकांना सुद्धा हे माहीत होतं, आणि आज शोरूममध्ये साठ हजाराचा बेड विकणाऱ्याला ट्रीटमेंट म्हणजे काय विचारलं तर तो म्हणतो, "मॅडम, टर्माइट प्रूफ आहे".

ट्रीटमेंट म्हणजे काय ते इथे जरा सविस्तर लिहिते कारण सगळी गफलत ह्याच शब्दात आहे. ब्रशने औषध लावलं तर ते सुक्या लाकडात एक-दोन मिलिमीटर जातं, बस. रंधा मारला की गेलं. खरी ट्रीटमेंट म्हणजे लाकूड लोखंडी टाकीत बंद करतात, आधी पंपाने आतली हवा ओढून घेतात, मग औषधाचं पाणी सोडून वरून दाब देतात, म्हणजे हवेच्या जागी औषध शिरतं. त्याचा हिशोब पण असतो, एका घनमीटर लाकडात किती किलो औषध राहिलं ह्याचा. भारतीय मानक आयएस ४०१ मध्ये कुठल्या वापराला कुठलं औषध आणि कुठली पद्धत हे सगळं लिहून ठेवलंय. घरातल्या, कोरड्या जागेतल्या लाकडाला बोरॉनचं औषध चालतं, म्हणजे आपला टाकणखार आणि बोरिक पावडर. ओल्या कापीव लाकडाला ह्या पाण्यात बुडवून काही आठवडे प्लास्टिकखाली झाकून ठेवलं तर ते हळूहळू आतवर झिरपतं. रबरवुडचं फर्निचर सगळीकडे मिळतं, ते मुळातच पिष्टाने भरलेलं लाकूड, कापल्यावर थोड्याच दिवसांत बोरॉन दिलं नाही तर ते उभं राहूच शकत नाही, तरी ते टिकतं कारण त्याला औषध दिलेलं असतं. पण बोरॉन पाण्यात धुऊन जातं, म्हणून गच्चीवरच्या झोपाळ्याला, गेटला त्याचा उपयोग नाही.

बाहेरच्या लाकडासाठी जगभर जे औषध सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते एका भारतीय माणसाने शोधलंय हे किती जणांना माहितेय? सोंती कामेसम, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत, १९३३ साली. तांबं, क्रोम आणि आर्सेनिक, म्हणजे मोरचुदातलं तांबं बुरशीला मारतं, सोमल म्हणजे आर्सेनिक किड्याला, आणि क्रोमियम ह्या दोघांना लाकडाशी असं बांधून टाकतं की पावसाने धुऊन जात नाही. विजेचे खांब, कुंपणं, कूलिंग टॉवर, सगळीकडे हेच गेलं. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद केलं आणि आता तिथे आर्सेनिक नसलेली, तांब्यावर आधारलेली औषधं वापरतात. आपल्याकडे हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड कोणी स्वस्तात दिलं तर मुलांच्या खेळण्याला, भाजीच्या वाफ्याला वापरू नका, आणि जाळू तर अजिबात नका, आर्सेनिक राखेत आणि धुरात येतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर पण तसेच, त्यात क्रिओसोट असतं, डांबरातलं तेल, उन्हात वास येतो तो त्याचाच. फार्महाऊसवाले हौसेने त्याची बाकं करतात, त्यावर उघड्या मांडीने बसणं सुद्धा बरं नाही.

बंबाचं पण सांगते. आमच्या वाड्यात अंघोळीच्या पाण्याला बंब असायचा आणि वडील ढलप्या घरी आणायचे, पण त्यांचा नियम होता, रंगाचं, डांबराचं, औषधाचं लाकूड बंबात नाही. आता थंडीत रस्त्याकडेला शेकोटीत प्लायचे तुकडे, जुनी दारं सगळं सर्रास जळतं आणि लहान पोरं भोवती बसलेली असतात. ते बघून जीव तुटतो.

प्लायवूडवर वेगळं पत्र होईल, तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शेजारी किचन ट्रॉलीचं काम झालं तेव्हा प्लायवाल्याने सांगितलं की आमचा माल ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो. बरोबर आहे, आयएस ७१० च्या मरीन प्लायला ती चाचणी असते. पण ती चाचणी गोंदाची आहे! पापुद्रे सुटतात का एवढंच त्यातनं कळतं. किडा लागेल का, बुरशी येईल का, ह्याचा त्या उकळण्याशी संबंध नाही, त्यासाठी प्लायला वेगळं औषध द्यावं लागतं आणि आयएस ७१० मध्ये ते देणं पण सांगितलेलं आहे, पण ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. आणि समजा औषध दिलेलं चांगलं प्लाय आणलं, तरी सुतार सिंकच्या पाइपला भोक पाडतो, कडा कापतो, आणि त्या कापलेल्या कडा तशाच कोऱ्या सोडतो, मायका लावला की झालं. पाणी शिरतं ते तिथूनच. शेजारच्या ताईंची सिंकखालची ट्रॉली पाचव्या वर्षी हाताने दाबली तर भिजलेल्या खारी बिस्किटासारखी दबत होती, बाकी सगळं किचन ठणठणीत.

बुरशीला पाणी लागतं, एवढं जरी लोकांना कळलं तरी अर्धी लाकडं वाचतील. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी कुजवू शकत नाही. आमचे आजोबा पानशेतच्या पुराची गोष्ट सांगायचे, १२ जुलै १९६१, वाड्यात पाणी शिरलं, दिंडी दरवाजा पाण्याखाली होता. गाळ धुतला, दरवाजा दोन महिने फुगून बसला होता, दिवाळीपर्यंत वाळला आणि परत पहिल्यासारखा लागायला लागला. एकदा भिजून वाळलेल्या लाकडाला काही होत नाही. रोज थोडं थोडं ओलं राहणारं लाकूड मरतं. त्याच वाड्यात, त्याच सागाची, माडीखालची तुळई मात्र गेली. बाहेरून बघायला झकास, वडिलांनी पटाशीच्या मागच्या बाजूने ठोकत ठोकत नेलं, टक टक टक आणि भिंतीपाशी आल्यावर बद, नुसता बद आवाज, आणि पटाशी टेकवली तर मुठीपर्यंत आत. तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे मोरीची ओल वर्षानुवर्षं मुरत होती. खांब मात्र सगळे शाबूत, कारण प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा. लाकडाचं कापलेलं टोक नळीसारखं पाणी ओढतं, म्हणून ते जमिनीला टेकूच द्यायचं नाही हे त्या गवंड्या-सुतारांनी करून ठेवलं होतं. विश्रामबागवाड्याचे सुरुदार खांब बघा कधी जाऊन, नक्षी सगळे बघतात, तुम्ही खाली बघा खांब कशावर उभाय ते. शनिवारवाड्याला १७३० साली जुन्नरच्या जंगलातलं सागवान आणलं असं सांगतात, तो १८२८ ला गेला तो आगीने, किडीने नाही.

त्यामुळे ज्या वाड्यांना दरवर्षी जूनमध्ये नोटीस लागते त्यांच्या मालकांना आणि भाडेकरूंना माझं कळकळीचं सांगणं आहे की खांब बघून समाधान मानू नका, तुळईची टोकं, मोरीलगतची भिंत आणि कौलांखालच्या वाशांची टोकं ठोकून बघा. जाणता सुतार एका तासात सांगतो. माणसं झोपलेली असतात हो त्याखाली.

आता तरुण मंडळींचं. चाकणच्या कंपन्यांमधून पॅकिंगची पॅलेट्स येतात आणि त्याची बाल्कनीतली बाकं, कॅफेतली टेबलं करायची फॅशन आहे. चांगलंच आहे, लाकूड वाया जात नाही. पण त्याच्यावर एचटी असा शिक्का असतो तो बघून विकणारे सांगतात की ट्रीटेड वुड आहे. एचटी म्हणजे फक्त तापवलेलं. आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस अर्धा तास, का तर एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. त्या दिवशीचे किडे मेले, पण उद्या येणाऱ्या वाळवीसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी त्यात काही नाही. बाल्कनीत ठेवणार असाल तर पायांखाली रबरी बूच लावा, चारी बाजूंनी तेल-रंग द्या. आणि एमबी असा शिक्का असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड वायूने धुरी दिलेलं, ते घरात नकोच.

माझं मागणं खरं तर एवढंच आहे. कपड्यावर लिहिलेलं असतं किती टक्के कॉटन, बिस्किटाच्या पुड्यावर मीठ-साखर लिहिलेली असते, मग चाळीस-पन्नास हजाराच्या लाकडी वस्तूच्या बिलावर एक ओळ का नको? कुठलं लाकूड, औषध दिलंय का, कुठलं आणि कसं, म्हणजे दाबाने, बुडवून की ब्रशने. नसेल दिलं तर "दिलेलं नाही" असं लिहा, आम्ही घरी येऊन आमचं बघू. पुण्यातल्या फर्निचरवाल्यांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर ह्याला कायदा लागत नाही, बिलबुकात एक रकाना छापायचा आहे. आणि ग्राहकांनी पण दुकानात वस्तू उलटी करून बघायची लाज सोडा. खालची बाजू बघा, पांढरा पट्टा किती आहे बघा, भोकं बघा, फळी आपटून बघा. दुकानदाराने आढेवेढे घेतले तर घेऊ नका.

आपल्या पुरवणीत पावसाळ्याच्या आधी लवंगांऐवजी हे एकदा छापावं, एखाद्या जाणकार सुताराला किंवा लाकूडशास्त्रातल्या माणसाला विचारून. वाटल्यास ह्या पत्रातलं वाट्टेल ते वापरा.

दिवाणाचं पुढे काय झालं ते सांगते. जास्त पोखरलेल्या दोन फळ्या बदलून घेतल्या. उरलेल्यांची खालची बाजू घासून कोरडी केली, दहा लिटर गरम पाण्यात दोनशे ग्रॅम बोरिक पावडर आणि तीनशे ग्रॅम टाकणखार विरघळवून हातमोजे घालून तीन हात दिले, दोन हातांच्या मधे प्लास्टिक गुंडाळून ठेवलं, पूर्ण वाळल्यावर खालून पण पॉलिश केलं. (हे पोळपाट-लाटण्याला, भाजी कापायच्या पाटाला कधीही करू नका, ती नुसती धुऊन उभी वाळवायची.) सुक्या लाकडात हे फार खोल जात नाही आणि आत असलेल्या सगळ्याच अळ्या मेल्या असतील असं मी म्हणणार नाही, म्हणून राहिलेल्या प्रत्येक भोकाला पेन्सिलने गोल केलाय, एकूण एक्केचाळीस. गोलाबाहेर नवीन भोक दिसलं की समजायचं अजून आत कोणीतरी आहे. पहिल्या महिन्यात दोन नवीन दिसली, त्यानंतर आज सात आठवडे झाले, एकही नाही. मावशी रोज कोपरा झाडताना सांगतात, ताई, आज पण काही नाही.

आपली नम्र,
एक वाचक, सुतारदरा, कोथरूड, पुणे